बाबांना चालतं करायचंय

मुलगा घरांची अंतर्गत रचना करतो. "आता बाबांना चालतं करायचंय," असं म्हणत त्याने आमचंच घर हाती घेतलं. माझी पुस्तकं माडीवर गेली, पाण्याचं भांडं घराच्या दुसऱ्या टोकाला गेलं आणि आरामखुर्ची तर एका सकाळी दिसेनाशीच झाली. धरून चालायला भिंतीलगत लाकडी कठडा आला. पुढे तोही दर महिन्याला हातभर कमी होऊ लागला.

"अहो बाबा, पुस्तकं काय पळून जातायत? तुम्हीच जा की त्यांच्याकडे," सून हसायची. मीही हसायचो. माझ्यासारख्या घुम्या म्हाताऱ्यासाठी कोण एवढं करतं? उगाच शंका काढायचा माझा स्वभावच वाईट, असं मी मनाला बजावत राहिलो.

आज कठड्याचा शेवटचा तुकडाही निघाला. बगलेत पुस्तक धरून मी एकटाच जिना उतरलो. खाली मुलगा फोनवर बोलत होता. मला पाहून त्याचा चेहरा उजळला.



"हो मॅडम, आता आधाराशिवाय चालतात," तो फोनवर म्हणाला, "आता तरी तुमच्या वृद्धाश्रमात घ्याल ना?"