लग्नाचं कोठार

फर्गलला कोठार पसंत पडलं ते मोबाइलला रेंज नाही म्हणून.

"उत्तम," तो म्हणाला. "म्हणजे लग्नात माणसं एकमेकांशी बोलतील तरी."

कोठाराची मालकीण डिम्पना गेराटी हसली. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसणं भाड्यात धरलेलं असतं. धान्याचं जुनं दगडी कोठार, मागे तळं, तळ्यापलीकडे टेकडी, नजर पोचेल तिथवर एकही घर नाही. हे सगळं ती लग्नाळू जोडप्यांना दाखवायची आणि दाखवता दाखवता त्यांचाच हिशेब मांडायची. फुलांवरून कोण भांडेल, कुठली मामेभावंडं वगळली जातील, मुलीची आई कुठल्या खांबाला टेकून रडेल, हे तिला दारातच कळायचं. सगळ्या लिट्रिम परगण्यात इतकी चौकस बाई दुसरी नाही, असं तिचा सख्खा भाऊच म्हणायचा, आणि ते कौतुक नव्हतं.

या जोडप्याचा हिशेब मात्र लागेना. मुलगी काहीच मागत नव्हती. ग्रॉन्या तिचं नाव. फुलं कोणती म्हटलं की ती फर्गलकडे बघायची. नाचायला एवढी जागा पुरेल का म्हटलं तरी फर्गलकडेच. तेही त्याच्या तोंडाकडे नाही, हाताकडे.

डिम्पनाने चहाचं विचारलं. या भागात चहाला पहिल्यांदाच कुणी हो म्हणत नाही. आधी नको, मग कशाला उगीच त्रास, मग बरं, अर्धा कप. आणि त्यानंतर दोन कप रिचवून माणूस उठतो. ग्रॉन्याने नको म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात फर्गल म्हणाला, ती घेत नाही. डिम्पनाने पुन्हा विचारलं, या वेळी सरळ मुलीकडे बघून. पुन्हा त्यानेच सांगितलं, हसत, अगदी सभ्यपणे. त्याचा हात तिच्या मानेवर होता आणि अंगठा हळूहळू फिरत होता.

नको म्हणायचं कामसुद्धा या पोरीकडे ठेवलेलं नव्हतं. तिसऱ्यांदा विचारायची डिम्पनाला छाती झाली नाही. वळू मोकळा सुटला तर काठी घेऊन पुढे होणारी बाई ती, पण या गुळगुळीत दाढी केलेल्या पोराच्या अंगठ्याला ती घाबरली.

फर्गलने जूनमधला शनिवार मागितला. तारीख बघून येते म्हणून ती मागच्या दाराने गोठ्यात गेली. भाऊ मॅलकी गवत टाकत होता. त्याला म्हणाली, कालवडी बाहेर काढ.

"सकाळीच तर आत घातल्या."

"मग परत काढ. आणि सावकाश आण."

मॅलकीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि टोपी चढवली.

ती आत आली आणि फर्गलला म्हणाली की जनावरं येतायत, पुढच्या पाणंदीत कुंपणाला खिंडार पडलंय, तिथे जरा उभं राहायला हवं, नाहीतर सगळी रानभर पांगतील. हे काम इकडे कुणाला नाकारता येत नाही. पाहुणा असो की पाद्री, खिंडारात हात पसरून उभं राहायचं आणि शेवटचं जनावर पुढे जाईपर्यंत हलायचं नाही. फर्गलने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग ग्रॉन्याला म्हणाला, चल.

"तिला कुठे नेताय असल्या टाचांवर?" डिम्पना म्हणाली. "कालवडीचा पाय पडला तर लग्नात लंगडेल. फोटो बिघडतील."

फोटोंचं त्याला पटलं.

त्याच्यामागे दार लागलं तशी ग्रॉन्या बोलायला लागली, भराभर, खालच्या आवाजात.

"शनिवार भरलाय म्हणून सांगा. सगळं वर्ष भरलंय म्हणा. आधीच्या जागावाल्यांनी तसंच सांगितलं. त्यांना मी चोरून फोन केले होते. तुमचा फोन लागलाच नाही."

"पोरी, या परगण्यात कोठारं असून असून किती असतील?"

ती ग्रॉन्याने मोजलेली होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आई कुठे असते तुझी?"

"तिथे नको. तिथे तो आधी पोचेल."

डिम्पनाने खुंटीवरची व्हॅनची किल्ली काढली. ती हातातून निसटून फरशीवर पडली तेव्हा दोघींनी पुढच्या दाराकडे पाहिलं. बाहेर फक्त खुरांचा आवाज होता. मागच्या अंगणात व्हॅन उभी होती आणि तिथून दलदलीतली वाट थेट सडकेला मिळत होती. सडकेपुढे कुठे, ते डिम्पनालाही ठाऊक नव्हतं.

"माझा कोट त्याच्या गाडीत आहे," ग्रॉन्या म्हणाली. "फोन त्याच्या खिशात."

"असू दे."

तेवढ्यात बाहेरून हाक आली. तिचं नाव, मऊ आवाजात, लाडाने घेतलेलं. ग्रॉन्याचे पाय पुढच्या दाराकडे वळले. वळले, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. डिम्पनाने तिचं कोपर धरलं आणि तिला मागच्या दाराने बाहेर काढलं.

वाट जिथे चढाला लागते तिथे, व्हॅन हाकणाऱ्या डिम्पनाच्या शेजारी बसल्या बसल्या, ग्रॉन्याने वळून पाहिलं. कालवडी पाणंद भरून चालल्या होत्या, जत्रेला निघाल्यासारख्या रमतगमत, आणि मागे मॅलकी शीळ घालत होता. फर्गलने व्हॅन पाहिली होती. त्याची मान इकडेच वळलेली होती. पण समोर जनावरांची भिंत होती आणि त्याला जागचं हलता येत नव्हतं. दोन्ही हात पसरलेलेच होते. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, कुणाला तरी मिठीत घ्यायला उभा आहे.