इसमासह कुटुंबाचा फोटो

"आणखी जवळ," काळ्या कापडाखालून फोटोवाला म्हणाला. "नवराबायको आहात. कोर्टात उभे नाही."

काशीबाई बोटभर सरकली. सुका सरकलाच नाही. गावच्या नरहरी गुरुजींचा मागून आणलेला कोट त्याला काखेत इतका घट्ट होता, की हलला असता तर शिवण गेली असती.

सुका तिचा नवरा नव्हे, अजून लग्न न झालेला धाकटा दीर. नवरा जानू चार महिने दमणला फिरंग्यांच्या कोठडीत होता. त्याला सोडवायलाच ही दोघं मुरब्याहून पालघरला येऊन पडद्यावर रंगवलेल्या राजवाड्यापुढं बसली होती.

जानूनं काही केलं नव्हतं. वाऱ्यानं डोलकाठी मोडली आणि होडी वाहत दमणच्या किनाऱ्याला लागली. फिरंग्यांनी कागद मागितले. जानूकडे सुके बोंबील होते. फिरंग्यांनी बोंबील ठेवून घेतले आणि जानूलाही. दमणच्या एका कोळणीनं सातपाटीच्या बाजारात ही बातमी सांगितली. ती कोळीण पुन्हा दिसली नाही, आणि बातमी इकडे पोचली हे जानूला कळवायला कुणीच नव्हतं.

दर्यानं माणूस नेला तर काय करायचं, हे मुरब्याला पक्कं ठाऊक होतं. वर्षभर वाट बघायची, मग त्याच्या बायकोचा दिराशी पाट लावून द्यायचा. पण हा माणूस सरकारनं नेला होता, तेही परक्या. त्याची रीत कुणाच्या बापजाद्यानं घालून दिलेली नव्हती.

म्हणून गावानं आपल्या परीनं सुरू केलं. होडी किनाऱ्याला लागली की प्रत्येकजण काशीबाईच्या टोपलीत ओंजळभर मासळी टाकी. होड्या चाळीस. अंगणात मांदेली वाळत घालायला जागा उरली नाही. मांजरं एवढी फुगली की त्यांना कुडावर चढता येईना. बायका पाळीनं सोबतीला येत. तिचं पाणी भरत, तिचा भात रांधत, तिच्याऐवजी रडूनही घेत. तिला करायला काही उरलंच नाही.

मांजरांची गोष्ट तिला एकाच माणसाला सांगायची होती, आणि तो कोठडीत होता. शेजारच्या ठमीला सांगून बघितली, तर ठमीनं डोळ्यांना पदर लावला. "सोस गे बाय," म्हणाली.

मग ठमीला घेऊन ती जानूच्या सुटकेचा अर्ज द्यायला पालघरच्या कचेरीत गेली. कारकून कमलाकांत भाऊसाहेबांनी तो वाचला आणि परत केला. "इसमासह कुटुंबाचा फोटो जोडा."

"इसम दमनला हाय, सायेब," ठमी म्हणाली.

"तो फोटोत दाखवा."

"तो सुटल्याबिगर फोटोत येल कसा?"

"ते मी कसं सांगू? मी अर्ज घेतो."

जानूनं जन्मात फोटो काढला नव्हता. गाव दोन दिवस विचार करत बसलं. शेवटी ठमीनंच तोडगा काढला. "सुक्याचं नाक बगा. तेच नाक हाय. फिरंगी काय मिश्या मोजनार हाय?"

मग अख्खं गाव कामाला लागलं. गावातल्या शालूनं आपलं लग्नातलं हिरवं लुगडं दिलं. कुणी चुडा दिला, कुणी नथ. ठमीनं अबोलीची वेणी माळली. सायबाला कळलं पाहिजे, चांगल्या घरचा माणूस धरलाय! काशीबाईला तिच्या स्वतःच्या लग्नात एवढं कुणी सजवलं नव्हतं.

"शेट, वहिनींच्या खांद्यावर हात ठेवा," फोटोवाला म्हणाला.

सुकानं तापल्या तव्यावर ठेवावा तसा हात ठेवला. त्याच्या मांडीवर जानूची तीन वर्षांची कमळी खडीसाखर चोखत खुशीत बसली होती.

"वयनी, दादा काय बोलंल?" सुका पुटपुटला.

"हसंल. पोट धरून हसंल. गप बस."

तिला ते दिसलंच. सायब फोटो पुढं धरतोय, जानू आधी कोट बघतोय, मग सुकाचं तोंड, आणि भिंतीला टेकून हसत सुटलाय. चार महिन्यांत पहिल्यांदाच काशीबाईला हसू आलं. नेमकं तेव्हाच फोटोवाल्यानं भिंगावरचं टोपण काढलं.

वारा धड असला तर मुरब्याहून दमण होडीनं दिवसभराचं. अर्ज मात्र पालघरहून ठाण्याला, ठाण्याहून मुंबईला, मुंबईहून दिल्लीला, तिथून कुठल्याशा तिसऱ्याच देशाच्या हातून लिस्बनला आणि लिस्बनहून दमणला जायचा होता. पावसाळा गेला. नवरात्र गेलं. टोपलीत ओंजळी पडत राहिल्या.

एकसष्टच्या डिसेंबरात आपलं लष्कर दमणमध्ये शिरलं आणि फिरंगी उठला. मुरब्यानं वेशीला तोरण बांधलं. काशीबाईनं अंगणातली मांदेली स्वतः गोळा केली आणि कुणाला हात लावू दिला नाही.

चौथ्या दिवशी काखोटीला बोचकं मारून एक माणूस आला. तो जानू नव्हता. केळव्याचा देवू होता, जानूच्याच कोठडीतला.

"जानू कुठाय?" गावानं एका तोंडानं विचारलं.

"तो तं नवरात्रातच सुटला," देवू म्हणाला. "तुमचा फोटो आला ना! सायब बोलला, हे कुटुंब तुजं काय सांग नि जा घरी."

गावानं आरोळी ठोकली. फोटो चालला! ठमी ज्याला त्याला सुकाचं नाक दाखवू लागली.

"मंग?" काशीबाईनं विचारलं.

"मंग काय! लय वेळ बगत बसला फोटोकडं. बोलला, माजं यात कोन नाय. आफ्रिकेची आगबोट लागली होती, सायबाला सांगून तिच्यात खलाशी म्हनून चढला. आगाऊ पगारातून एक वस्तू घेतली, ती गजांतून माज्याकडं देऊन गेला."

देवूनं बोचक्याची गाठ सोडली, कागदात गुंडाळलेलं नवंकोरं लुगडं काढलं आणि बायकांच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं.

"तुमच्यात सुकाची बायको कोन? जानूनं पाटाचं लुगडं धाडलंय."