रोजची तपासणी

"सहा आठवडे प्लास्टरला हात लावायचा नाही. हाड आपलं काम करतंय, तुम्ही मध्ये लुडबुड करू नका," असं हाडांचे डॉक्टर रोज वीस पेशंटना दरडावायचे. त्यांनी बायकोला शब्द दिला होता, यंदा वाढदिवसाला दुकानातलं नाही, माझ्या हातचं ट्यूलिप. कंद थंडाव्यासाठी फ्रिजमध्ये ठेवला आणि साफ विसरले. तो कुंडीत गेला तेव्हा घरात पंखे सुरू झाले होते आणि वाढदिवस जेमतेम दीड महिन्यावर आला होता. मग काय, जीव टांगणीला! रोज सकाळी दवाखान्यात निघण्याआधी डॉक्टर गॅलरीत जाऊन हळूच माती उकरायचे, कंद उलटापालटा करून बघायचे, "छे, काही हालचाल नाही," म्हणत पुन्हा पुरायचे.

वाढदिवस उजाडला, तरी कुंडी बोडकीच. डॉक्टर पडलेल्या चेहऱ्याने माफी मागायला आत आले, तर बायको मागच्या जिन्यातून एक कुंडी घेऊन येत होती. तिच्यात लालभडक ट्यूलिप डुलत होतं.

"तुमचाच कंद आहे. तिसऱ्याच दिवशी हलवला, म्हटलं जगू दे बिचाऱ्याला."

"मग मी इतके दिवस काय तपासत होतो?"



"कांदा! एक्स-रेत केसाएवढी चीर दिसते ना हो तुम्हाला?"