निनावी खबर

निवृत्त फौजदारसाहेब कुठलीही रहस्यकथा दहाव्या पानावरच "कळला खुनी!" म्हणत वाचनालयात परत आणून टाकायचे. एकदा मागच्या कपाटात त्यांना जुन्या, सगळे विसरून गेलेल्या रहस्यकथा सापडल्या. पण पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'खुनी ड्रायव्हर आहे.' निनावी खबर शहानिशा केल्याशिवाय सोडायची नाही, ही त्यांची नोकरीतली सवय. शेवटपर्यंत वाचलं, तर खुनी निघाला डॉक्टर! दुसऱ्या पुस्तकात नणंदेचं नाव होतं आणि खून केला होता वकिलानं.

साहेबांनी ते अक्षर ग्रंथपालबाईंनी भरलेल्या आपल्या वाचक-कार्डावरच्या अक्षराशी ताडून पाहिलं आणि तडक बाईंना गाठलं.

"बाई, खोटी खबर का देता?"

"कोणी वाचत नाही म्हणून ते कपाट रद्दीत निघालंय, साहेब. तुम्ही मात्र दोन पुस्तकं शेवटपर्यंत वाचलीत. आता हे घ्या."

बाईंकडे रोखून बघत साहेबांनी पहिलं पान उघडलं.

 

'शेवटची दहा पानं वाळवीनं खाल्लीत. वीस वर्षं झाली, मला खुनी सापडलेला नाही. आता केस तुमच्याकडे.'