यानातून उतरलेली पोरं

"यानाचं दार उघडतंय!" कोमाकेच माईकमध्ये ओरडला, आणि पत्र्याच्या त्या व्हिडिओ हॉलमधली सगळी माणसं बाकांवर पुढे सरकली.

सिनेमा केनियाचा होता. शंभर वर्षांनंतरचं नैरोबी, हवेत उडणाऱ्या मताटू गाड्या, आणि ताऱ्यांवरून येऊन माणसांची मुलं उचलून नेणारे कुणीतरी. पडद्यावरचे लोक इंग्रजीत बोलायचे. ते अचोलीत सांगायला पडद्याशेजारी कोमाकेच बसायचा. बंडखोरांमुळे गावं सोडलेल्यांच्या किटगुमकडच्या त्या छावणीत, सिनेमा असा बोलून सांगतो म्हणून सगळे त्याला व्हीजेच म्हणत. उडत्या मताटूचा कंडक्टर ढगाला लटकून 'एकच सीट, एकच सीट' ओरडतोय, असं त्याने पदरचं घातलं तेव्हा लोक हसून लोळले होते.

आता कुणी हसत नव्हतं. सकाळी कोमाकेचने एकट्याने सिनेमा शेवटपर्यंत पाहिला होता. नेलेली मुलं परत येतात, त्यांचे डोळे काचेसारखे चकाकतात, आणि सैनिक त्यांना यानाच्या पायऱ्यांवरच गोळ्या घालतात. सकाळी त्याला त्यात काही वाटलं नव्हतं. पण सिनेमा निम्मा झाल्यावर दार किलकिलं झालं आणि मावशीचा हात धरून लान्येरो आत आली. शेवटच्या बाकावर अंग चोरून बसली.

लान्येरोला बंडखोरांनी शाळेतून उचलून नेलं होतं. गेल्या महिन्यात ती रानातून परतली. ती पाण्याला गेली की बायका आपापले कॅन उचलून बाजूला होत. छावणीवर धाड पडली तेव्हा टोळीला वाट हिनेच दाखवली, असं लोक बोलत. खरं काय ते तिला कुणी विचारलं नव्हतं. त्या धाडीत ओजाराचा भाऊ मारला गेला. भावाचा मुलगा ओचित्ती याला ते घेऊन गेले. तो अजून आला नव्हता.

ओजारा सायकलवरून माणसं पोचवायचं काम करी. आज तो पहिल्याच बाकावर होता.

पडद्यावर एक मुलगी यानाबाहेर आली. तिचे डोळे चकाकले.

"ही माणसं नाहीत!" ओजारा उठून ओरडला. "बघताय काय? घाला गोळी!"

"घाला!" मागून कुणीतरी साथ दिली. मग सगळा हॉलच ओरडू लागला.

"जातात तिकडे आणि येऊन बसतात आपल्यात!" एक बाई म्हणाली. तिची नजर पडद्याकडे नव्हती. एक मान मागे वळली, मग दुसरी. मावशीने लान्येरोचा दंड धरून तिला उठवू पाहिलं. पण दारात माणसं दाटली होती. लान्येरो जागची हलली नाही. ती पडद्याकडेच बघत राहिली.

पडद्यावरच्या सेनापतीने हात वर केला. 'हे आता आपले राहिले नाहीत,' असं तो म्हणत होता.

कोमाकेचने माईक ओठांशी नेला.

"सेनापती म्हणतोय..." त्याचा आवाज चिरकला. "सेनापती म्हणतोय, थांबा. ही कुणाची पोरं आहेत?"

गलका चालूच होता.

"ही पहिली ना? ही अबेर. लामवाकाची थोरली."

तिसऱ्या बाकावर बसलेल्या लामवाकाच्या तोंडून हुंदका फुटला. तिची अबेर खरंच नेली गेली होती.

"तिच्यामागची ती किदेगाची जुळी. ओपियो आणि ओचेन."

गलका विरला. एकेक मूल पायऱ्या उतरत होतं आणि कोमाकेच त्याला छावणीतल्या एकेका हरवलेल्या पोराचं नाव देत होता. मग निळ्या सदऱ्यातला एक मुलगा आला. पायरीवर अडखळला.

"आणि हा ओचित्ती. याचा काका सायकल चालवतो."

"त्याचं नाव घेऊ नकोस!" ओजारा गरजला. "जीभ हासडीन तुझी, व्हीजे!"

"मी कुठे घेतोय? सेनापती घेतोय. तो विचारतोय, याला घरात घ्यायचं की गोळी घालायची?"

ओजारा मटकन बाकावर बसला.

"सेनापती म्हणतोय, अंडी आणा."

रानातून परतलेल्याच्या वाटेत उंबऱ्यावर कच्चं अंडं ठेवायचं. त्याने ते पायाखाली फोडायचं, की तो पुन्हा घरचा झाला. तिथली रीतच ती. लान्येरोसाठी ते अंडं कुणी ठेवलं नव्हतं. ओजाराच्या घरातून होकार येईपर्यंत वडीलधारे थांबले होते, आणि ओजारा काही हो म्हणत नव्हता.

पडद्यावर बंदुका खांद्यांना लागल्या. कोमाकेचने वाकून वायर उपटली.

अंधार झाला. पत्र्याच्या भोकांतून दुपारचं ऊन तेवढं आत येत होतं. ओजारा उठला. माणसांना ढकलत शेवटच्या बाकापर्यंत गेला. लान्येरोपुढे थांबला, तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि बाहेर पडला. समोरच त्याची झोपडी होती.

"कोयता आणायला गेला तो," मावशी कापत म्हणाली. "काय करून बसलास रे व्हीजे!"

कोमाकेच माईक टाकून धावला आणि लान्येरोच्या पुढ्यात उभा राहिला. हातात काही नव्हतं. पळून जावं असंही त्याला वाटलं, पण पाय हलले नाहीत.

दारातली माणसं एकदम बाजूला झाली. ओजारा उन्हाला पाठ करून उभा होता. चेहरा दिसत नव्हता. तो खाली वाकला, उंबऱ्यावर काहीतरी ठेवलं, आणि ते लवंडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी बोटांनी माती सारली.

लान्येरो उठली. कोमाकेचला बाजूला करून दारापर्यंत आली. खाली बघितलं. पाय उचलला, आणि तसाच अधांतरी धरला.

"हळू नको, पोरी," ओजारा म्हणाला. "जोरात दे पाय."