कोळशाच्या रेघा

लीलाधर चोरून पितो, हे त्याच्या बायकोनं, इंदुबाईनं, पाच वर्षं चुलीच्या खोलीतल्या दारामागच्या भिंतीवर कोळशानं मांडून ठेवलं होतं. तोंड लाल झालं की एक रेघ, महिना फिरला की नवी ओळ. शाळेत ती दोनच पावसाळे गेली होती, पण नवऱ्याचं पाप मोजायला तेवढं पुरलं. दुर्गाच्या लग्नात कन्यादानाला तिनं दीर बसवला. बेवड्याच्या हातचं पाणी लेकीच्या हातावर नको.

आता लीलाधर ओटीवर एकटा बसला होता. मुंबईच्या इस्पितळातून परवाच गावी, राईला आला. आतड्यातल्या गाठींसाठी शिरेतून किरणांचं औषध दिलेलं. ते म्हणे नेमकं गाठीत जाऊन बसतं न् तिला आतून जाळतं. अंगातून किरणं बाहेर पडतात, म्हणून आठ दिवस त्याच्यापासून चार हात लांब राहायचं. पोटुशी सून तर नजरेलाच पडायला नको.

मुलगा उत्तम डॉक्टरचा कागद वाचत होता.

"आई, बाबांचं तोंड लाल व्हायचं ते दारूनं नाय. त्या गाठींनीच. औषध लागू पडलं तर लाली कमी होईल. आधी दिवसाला कितीदा व्हायची ते विचारलंय. आता कोणाला आठवणार?"

इंदुबाई उठली. दार ओढून बाजूला केलं.

उत्तम रेघांकडे बघतच राहिला.

"मोज," ती म्हणाली.

"देवीच्या पायरीवर हात ठेवून सांगितलं होतं गं तुला," ओटीवरून आवाज आला.

"सगलेच बेवडे शपथ घेतात!" ती बोलली खरी, पण आवाज निम्म्यात बसला.

दुपारी तिनं सुक्या बोंबलाचं कालवण केलं, झणझणीत. तिखट चालतं ना, हे उत्तमला दोनदा विचारून घेतलं. ते खाल्लं की लीलाधरचं तोंड हटकून पेटायचं. ताट ओटीवर ठेवून ती मागं सरली, उंबऱ्यावर बसली. हातात कोळसा.

तो जेवला. वाटी चाटूनपुसून घेतली. कपाळाला घाम फुटला तशी तिची मूठ आवळली. त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. खाली तोच रापलेला, दमलेला रंग.

ऊन ओटीवरून उतरून अंगणात गेलं, तरी ती हलली नाही.

"काय बघतेस एवढं?"

इंदुबाईनं कोळसा पदराच्या टोकाला बांधला. उद्याला लागला तर.

"आज तुमी प्याले न्हाय," ती म्हणाली.