कार्टूनमधला थोरला

विनोदी मालिकेत म्हातारीचा थोरला लेक दर भागात शिडीवरून पडायचा आणि घराघरांतली माणसं पोट धरधरून हसायची. एकदा पडला तो उठलाच नाही. सेटवरची माणसं मात्र बराच वेळ हसत होती.

आता त्याच मालिकेचं कार्टून निघतंय हे कळल्यावर म्हातारी तरातरा स्टुडिओत गेली.

"मेल्यांनो, एकदा पाडून पोट भरलं नाही का तुमचं?"

चित्रं काढणारी मुलगी चाचरत म्हणाली, "आजी, एकदा बघा तरी."

पडद्यावर थोरला शिडीवरून धाडकन पडला, पार चपटा झाला, मग कपडे झटकून उठला आणि चालू लागला.

म्हातारीने खुर्ची ओढली.



"पडतो ते नको गं बाई. उठतो तेवढंच परत दाखव."